नव्वद टक्के आणि चाळीस टक्के: धरण आणि पवनचक्की यांची तुलना कशी करावी

प्रश्न: काका, मी इंदूरला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जलविद्युत आणि पवनऊर्जा यांची तुलना घेतली आहे. पुस्तकात जलविद्युतची कार्यक्षमता ९० टक्के आणि पवनचक्कीची ४० टक्के दिली आहे. धूर दोन्हींत नाही. मग जलविद्युत सरळसरळ सरस ठरते ना? नर्मदा आणि देवासच्या टेकड्या दोन्ही जवळ आहेत, म्हणून उदाहरणं इकडचीच हवी आहेत.

उत्तर: सरळसरळ ठरत नाही. तुझ्या पुस्तकातले ते दोन आकडे खरे आहेत, पण ते शेजारी-शेजारी ठेवण्याजोगे नाहीत. माझी नोकरीची पहिली निम्मी वर्षं नर्मदेवरच्या एका जलविद्युत केंद्रात गेली आणि पुढची माळव्यातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीत. त्यामुळे दोन्ही यंत्रांना हात लावलेला आहे, आणि हा गैरसमज मी अनुभवी लोकांच्या तोंडीही ऐकला आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाणी आपण अडवतो, पेनस्टॉक नावाच्या जाड नळात कोंडतो आणि रनरवर, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकावर, सोडतो. त्याला पळायला दुसरी वाटच नसते. म्हणून त्यातली ९० टक्के शक्ती, चांगल्या फ्रान्सिस टर्बाइनमध्ये त्याहूनही थोडी जास्त, शाफ्टवर मिळते. वारा मोकळा असतो. पात्यांनी त्याला पुरता थांबवायचा प्रयत्न केला, तर मागून येणारा वारा बाजूने निघून जाईल आणि चक्की जागची हलणार नाही. पात्यांतून पार होऊन पुढे जाण्याइतका वेग त्याच्यात ठेवावाच लागतो. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे गणित मांडलं: वाऱ्यातल्या शक्तीचा जास्तीत जास्त १६/२७ भाग, म्हणजे ५९.३ टक्के, काढता येतो. त्याच्यापुढे कुणीच जाऊ शकत नाही. तेव्हा चांगली चक्की ४०-४५ टक्के काढते, याचा अर्थ शक्य असलेल्यापैकी दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ती काढते. ते यंत्र अजिबात ढिलं नाही.

त्यातून न पकडलेल्या वाऱ्याचं काही जात नाही. त्याच्यासाठी कुणाचं शेत बुडवलेलं नसतं. धरणातलं न वापरता सोडलेलं पाणी मात्र फार महागात पडलेलं असतं. म्हणून पाण्याच्या यंत्रात अर्ध्या टक्क्यासाठी आम्ही जिवाचं रान करायचो, आणि पवनचक्कीत टक्क्यापेक्षा जास्त काळजी असायची ती एका दिवसाची: वाऱ्याच्या दिवसांत यंत्र बंद पडता कामा नये.

शिवाय ते ९० टक्के कायमचे नसतात. वार्षिक देखभालीत युनिट, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राचा एक संच, बंद करून ड्राफ्ट ट्यूबमधलं, म्हणजे रनरखालच्या नळातलं, पाणी उपसलं की आम्ही मॅनहोलमधून आत उतरायचो. बाहेर निमाडचा मे महिना तापलेला आणि आत ओल, गारवा, गेटमधून झिरपणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज. हातातला दिवा रनरच्या पात्याच्या मागच्या बाजूला धरला की दिसायचं: गुळगुळीत स्टीलवर जात्याला टाकी लावावी तसे टवके. हे कॅव्हिटेशन. पाण्याचा दाब एखाद्या जागी फार उतरला की तिथे वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की ते पात्याला लागूनच फुटतात. लाखो बारीक हातोडे पडावेत तसं ते स्टील कुरतडतात. मग वेल्डिंग करून ती जागा भरायची, घासायची आणि साचा लावून वळण पुन्हा जुळवायचं. यंत्र पूर्ण भाराजवळ चालवलं तर हे कमी होतं. निम्म्याहून कमी भारावर फ्रान्सिस यंत्र थरथरतं, कार्यक्षमता उतरते आणि हे टवके वाढतात. तेव्हा प्रकल्पात ९० लिहिलंस तर शेजारी ‘ठरलेल्या भाराजवळ आणि ठरलेल्या पाण्याच्या उंचीला’ एवढं जरूर लिही. उन्हाळ्यात जलाशय उतरला की ती उंचीही उतरते.

वाऱ्याचं गणित वेगळंच. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ४ मीटरचा वारा ८ मीटर झाला की शक्ती दुप्पट नाही, आठपट होते. १२० मीटर व्यासाची चक्की घे. पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस मीटर. माळव्याचं पठार उंचावर आहे, हवा थोडी विरळ, म्हणून घनता घनमीटरला १.१ किलो धरू. ८ मीटरच्या वाऱ्याला त्या वर्तुळातून साधारण ३.२ मेगावॉट वाहत असतात आणि त्यातून आपल्याला १.४ च्या आसपास मिळतात. ४ मीटरला तीच चक्की पावणेदोनशे किलोवॉटवर येते. यंत्र तेच, कार्यक्षमता जवळपास तीच, वीज एक अष्टमांश. म्हणून वाऱ्याच्या धंद्यात कार्यक्षमतेपेक्षा जागा मोलाची असते. देवासजवळ जामगोदराणीच्या टेकड्यांवर चक्क्या उभ्या राहिल्या त्या याचमुळे: पठाराच्या वर थोडी उंची मिळाली की वेगात फरक पडतो, आणि वेगातला तो थोडा फरक विजेत मोठा होऊन येतो.

आता दुसरा आकडा. वर्षभर सतत पूर्ण क्षमतेने चाललं असतं तर जेवढी वीज झाली असती, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात झाली? वाऱ्याची मंडळी याला सीयूएफ, म्हणजे क्षमता-वापराचं प्रमाण, म्हणतात. देशातल्या सगळ्या पवनचक्क्यांची सरासरी २० टक्क्यांच्या आसपास येते. जुन्या बुटक्या चक्क्या तिला खाली ओढतात. नव्या उंच मनोऱ्यांच्या चांगल्या जागी ३० च्या पुढे जातात. मोठ्या जलविद्युतची सरासरी पावसाप्रमाणे ३५-४० च्या आगेमागे असते. बघ, ९० विरुद्ध ४० एवढी मोठी वाटणारी दरी इथे किती अरुंद झाली. जलविद्युत केंद्र बिघडलेलं असतं म्हणून नव्हे. वर्षभर चालवायला पाणीच नसतं.

आणि खरं तर ते वर्षभर चालवायचंही नसतं. कोयनेचं उदाहरण घे. स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट, पण पश्चिमेकडे कोकणात वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर, म्हणजे ६७.५ अब्ज घनफुटांवर, बांधून दिलं आहे. एवढ्याच पाण्यात वर्ष काढायचं. मग ते दुपारी निवांत वेळी उधळायचं की संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हा? गंमत अशी की त्याच कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवडेचं पठार आहे आणि तिथे चक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. एकाच डोंगरावर वर वारा, खाली पाणी. तुलना शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. वारा सुटला की वरची वीज घ्यायची आणि खालचं पाणी राखायचं. वारा पडला की पाणी सोडायचं.

यावरून मी तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. वीज किती मिळते याच्याइतकंच ती कधी मिळते याला मोल आहे. ५ एप्रिल २०२० ची रात्र तुला आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर लोकांनी दिवे मालवले होते. काही मिनिटांत ३१,००० मेगावॉटहून अधिक मागणी खाली आली आणि पुन्हा वर चढली. ग्रिड, म्हणजे देशभरचं वीजजाळं, कोसळलं नाही, त्यात मोठा वाटा जलविद्युतचा होता. पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटं या वेळात देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी मिळून सुमारे १७,५०० मेगावॉट उत्पादन उतरवलं आणि लगेच परत चढवलं. औष्णिक केंद्राला हे इतक्या लवकर जमत नाही. पवनचक्की पाती वळवून उत्पादन कमी करू शकते, पण वारा नसताना ‘वाढव’ म्हटलं तर ती वाढवणार कुठून? जलविद्युतमध्ये गाईड व्हेन, म्हणजे रनरकडे पाणी सोडणाऱ्या झडपा, उघडल्या की एक-दोन मिनिटांत भार येतो. सगळं ग्रिड बंद पडल्यावर बाहेरच्या विजेशिवाय उठून उभं राहणं हेही त्याच केंद्राला जमतं. कार्यक्षमतेच्या कुठल्याच टक्केवारीत हे गुण दिसत नाहीत.

आपल्या भागात एक अडचण मात्र आहे. वारा आणि पाणी एकाच हंगामात येतात. माळव्यात वारा मेच्या मध्यापासून चढतो, जून-जुलै-ऑगस्ट भरभरून चालतो, सप्टेंबरनंतर गळतो. नर्मदा भरते तीही याच दिवसांत. ऑगस्टमध्ये धरणं काठोकाठ आली की पाणी राखता येत नाही, टर्बाइन चालवावीच लागतात, आणि तेव्हाच टेकड्यांवरच्या चक्क्याही जोरात असतात. फरक एवढाच की पाणी साठवून नोव्हेंबरपर्यंत नेता येतं. रब्बीत माळव्यात आणि निमाडात गव्हाला पाणी द्यायचे पंप रात्रंदिवस चालतात तेव्हा ते उपयोगी पडतं. वारा साठत नाही. तो साठवायचा तर पाण्याच्याच रूपात साठवावा लागतो: फावल्या विजेवर पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. यात येताजाता मिळून वीस-पंचवीस टक्के वीज जाते, तरी सौदा परवडतो. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र चालू आहे. आपल्याकडे नीमच जिल्ह्यात चंबळच्या गांधीसागरावर त्याहून मोठं हाती घेतलं आहे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या केंद्राची २०० मेगावॉटची सहाही यंत्रं उलटी चालवून पाणी वर चढवता यावं अशीच घेतलेली आहेत.

एक हिशेब खास इंदूरचा, कारण रोज सकाळी तो आपल्याच नळाला येतो. १९७८ पासून आपण नर्मदेचं पाणी पितो. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढून येतं. नदी आणि शहर यांच्या उंचीत ४०० मीटरच्या आसपास फरक. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, ४०० मीटर चढवायला आदर्श स्थितीत १.१ युनिट लागतात. पंपाची तूट आणि नळातलं घर्षण धरलं तर दीडच्या वर जातं. तेच हजार लिटर धरणातून साठ मीटर खाली पाडले तर मिळतात सुमारे ०.१५ युनिट. म्हणजे नदी जेवढं देते त्याच्या दहापट आपण तिचं पाणी वर आणायला खर्च करतो. हे पाणी पिण्याचं आहे, त्यात दुमत नाही. पण नर्मदेची वीज म्हणजे फुकटची वीज, असं ज्याला वाटतं त्याने हा आकडा घराच्या टाकीवर लिहून ठेवावा. महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून जलूदला ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी पैसे उभे केले, ते पाणी चढवण्याच्या याच वीजबिलापायी.

आता पर्यावरण. ‘धूर दोन्हींत नाही’ हे खरं, पण तिथे थांबू नकोस. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१४ च्या अहवालात यंत्र बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा हिशेब धरून दर युनिटमागे जमिनीवरच्या पवनऊर्जेचा मध्यक ११ ग्रॅम, जलविद्युतचा २४ ग्रॅम आणि कोळशाचा ८२० ग्रॅम असा आहे. कोळशापुढे दोघंही नगण्य. पण जलविद्युतच्या आकड्याची व्याप्ती प्रचंड आहे, अगदी १ ग्रॅमपासून २,२०० पर्यंत. कारण झाडंझुडपं न काढता उष्ण प्रदेशात सपाट जमीन बुडवली तर तळाशी ती कुजतात आणि मिथेन वर येतो. अरुंद खोल दरीतलं धरण आणि पसरट जलाशय यांना एका आकड्यात बसवणं चूक आहे.

नर्मदेवरचा इंदिरा सागर पसरट आहे. साठवण १२.२२ अब्ज घनमीटर, देशात सगळ्यात मोठी. पूर्ण भरला की पाण्याचा पसारा ९१३ चौरस किलोमीटर. यातून एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन गेलं तरी ते ९१ लाख घनमीटर होतं. धरणाला न्याय द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे की हे एक धरण खालच्या सगळ्यांना सांभाळतं: इथे १,००० मेगावॉट, तेच पाणी पुढे ओंकारेश्वरला ५२० आणि शेवटी सरदार सरोवराला १,४५०. शिवाय सिंचन आणि पिण्याचं पाणी. म्हणून बुडालेल्या जमिनीचा सगळा भार विजेच्या माथी मारणं बरोबर नाही. तुझ्या तक्त्यात तो भार वाटून मांड.

पण जमीन चौरस किलोमीटरमध्ये मोजून सगळं कळत नाही. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर इंदिरा सागरात बुडणारं हरसूद रिकामं झालं. जुनं, नांदतं, बाजाराचं गाव. लोकांनी आपल्या हातांनी घरं उतरवली. दारं, चौकटी, पत्रे, विटा ट्रॅक्टरवर लादून नेल्या, कारण नव्या जागी बांधायला तेच सामान होतं. मी त्या दिवसांत तिथून गेलो आहे. एका ओसरीवर तुळशीवृंदावन तेवढं उभं होतं आणि मागची भिंत नव्हती. हरसूदसह अडीचशेच्या आसपास गावं पूर्ण किंवा काही भागाने पाण्याखाली गेली. सरदार सरोवराने मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या तिन्ही राज्यांची मिळून २४५ गावं बाधित झाली. त्यातली १९३ मध्य प्रदेशातली आणि ३३ महाराष्ट्रातली, मणिबेलीसारखी. त्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७. वीज वाटून घेताना टक्का जसा चोख काढला, तसा चोख हिशेब घर गेलेल्यांचा झाला नाही, हे मी जलविद्युतमध्ये निम्मी नोकरी घालवलेला माणूस म्हणून म्हणतो.

आणखी एक परिणाम पुस्तकात क्वचितच सापडतो. मागणीप्रमाणे यंत्रं चालू-बंद करायची म्हणजे खालच्या नदीची पातळी दिवसातून अनेकदा वरखाली होते. ज्या गुणाचं मी वर कौतुक केलं, त्याचीच ही किंमत. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावास्येला हजारो माणसं नदीकाठी जमली होती. रात्री वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून भोंगा वाजल्याची खात्री झाल्याशिवाय युनिट चालू करताना माझा हात आखडायचा. नदीतल्या जिवांना तर भोंगाही कळत नाही. महाशीर हा आपल्या राज्याचा राज्यमासा, त्याला वाहतं, दगडगोट्यांवरून खळाळणारं पाणी लागतं. साचलेल्या जलाशयात त्याची वीण होत नाही. खाली भरूचकडे गोडं पाणी कमी झाल्याने समुद्राचं खारं पाणी आत सरकलं आणि तिथल्या हिलशाची मासेमारी घसरली.

पवनचक्कीला गाव उठवावं लागत नाही. बुंध्याभोवती थोडी जागा, रस्ता आणि तारा. बाकी शेतात सोयाबीन उभं राहतं. तिचे दोष थोड्या जागेत असतात, पण आहेत. टेकडीवर ७० मीटरचं पातं न्यायचं तर वळणं रुंद करावी लागतात, उतार कापावे लागतात, आणि पहिल्याच पावसात ती माती नाल्यात येते. जवळच्या घरांना आवाज होतो, सकाळी-संध्याकाळी फिरती सावली अंगणातून जाते. पाती काचतंतू आणि राळेची असतात. मोडीत काढल्यावर त्यांचं करायचं काय, याचं सोपं उत्तर अजून नाही.

माळव्यात माझ्या मते सगळ्यात गंभीर मुद्दा तणमोराचा आहे. इकडे त्याला खरमोर म्हणतात. रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर इथे त्याच्यासाठी अभयारण्यं आहेत. पावसाळ्यात तो गवताळ माळावर विणीला येतो आणि नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. जुलै-ऑगस्ट, म्हणजे वाऱ्याचा ऐन हंगाम. हा पक्षी आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचा माळ कापून रस्ते आणि तारा गेल्या तर तो येणं सोडतो, पात्याला धडकला नाही तरी. माळढोकाच्या बाबतीत विजेच्या तारांमुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, तो पुढे २०२४ मध्ये बदलला. गवताळ माळ सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणून लिहिलेला असतो, आणि चक्कीला जागा शोधणाऱ्याला तोच आधी दिसतो. पण चक्की दोन किलोमीटर सरकवता येते. धरण सरकवता येत नाही. माझ्या दृष्टीने दोघांत हा सगळ्यात मोठा फरक आहे: पवनचक्कीची चूक आराखड्यात टाळता येते, आणि झालीच तर पंचवीस वर्षांनी उतरवता येते.

म्हणून तू माझं मत विचारशील तर असं: नर्मदेच्या खोऱ्यात विजेसाठी म्हणून नवं मोठं धरण नको. जी आहेत त्यांची किंमत देऊन झाली आहे, तर त्यांचं पाणी जपून, फक्त गरजेच्या तासांना वापरावं. बाकी युनिटं वाऱ्याने आणि उन्हाने द्यावीत, गवताळ माळ सोडून. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवले आहेत, तो चांगला रस्ता आहे. बुडालेल्याच जागेतून जास्त वीज निघते.

तुझ्या अहवालात ‘कार्यक्षमता’ खाली सध्या एकच रकाना आहे. त्याच्याशेजारी दोन वाढव: वीज कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला मिळते, आणि ती कुणाच्या जमिनीवरून येते. पहिल्यासाठी राज्याच्या भारप्रेषण केंद्राचे, म्हणजे जबलपूरच्या एसएलडीसीचे, रोजचे आकडे घे. जुलैचा एक आठवडा आणि नोव्हेंबरचा एक, वारा आणि पाणी वेगवेगळं काढून. आलेख झाले की घेऊन घरी ये. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहा ते दहा या वेळात दोन्ही रेघा काय करतात, ते सोबत बसून बघू.